बोहारणीच्या पुढे चालणारा माणूस

"कशावरून?"

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये. लिफ्टवाला बिचारा हिंदीत एवढंच म्हणाला होता की लिफ्ट आजच दुरुस्त झाली आहे, आता अडकणार नाही. कोपऱ्यात पिशवी पोटाशी धरून एक म्हातारे गृहस्थ उभे होते. त्यांनी मान किंचित तिरकी केली, डावा डोळा बारीक केला आणि विचारलं, "कशावरून?" कोलकात्यात, त्यातही डमडमच्या या टोकाला, असा मिरजेकडचा सूर कानावर पडल्यावर मला हसू आलं. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"तुम्ही मराठी?"

"हो."

"कशावरून?"

आता मराठीत 'हो' म्हणणाऱ्या माणसाने आणखी काय पुरावा द्यायचा? मी नाव, गाव आणि खातं सांगितलं. त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ते मला 'साहेब' म्हणू लागले आणि मी त्यांना 'काका'.

माझं सगळं आयुष्य लेखापरीक्षणात गेलेलं आहे. संशय घेणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यामुळे दुसरा कोणी संशय घेताना दिसला की मी आधी त्याच्यावर संशय घेतो. काकांवर मी बारीक लक्ष ठेवलं, आणि थोड्याच दिवसांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. शहाळेवाल्याने पाणी गोड आहे म्हटलं की "कशावरून?" फाटकावरच्या पहारेकऱ्याने आज पाणी उशिरा येईल म्हटलं की "कशावरून?" पण सोसायटीचे सेक्रेटरी काही बोलले, की काका दोन्ही हात पोटावर बांधून "बरोबर, बरोबर." जावई बोलले, की तेही नाही. नुसती मान.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ज्याच्यापासून धोका नाही त्याच्यापुढे यांची शंका उभी राहते, आणि ज्याच्या हातात काही आहे त्याच्यापुढे ती निमूट खाली बसते. काकांची सगळी नोकरी जिल्ह्याच्या कुठल्याशा कचेरीत झाली होती. मी एकदा खोदून विचारलं, तर म्हणाले, "साहेब, वरून आलं की पुढे पाठवायचं. वरून आलेल्याला विचारतंय कोण?" त्या वरून आलेल्या कागदांवर न विचारलेले सगळे प्रश्न आता शहाळेवाल्याच्या वाट्याला येत होते, असा माझा आपला निष्कर्ष.

बायको गेल्यावर गावचं घर विकून ते लेकीकडे आले होते. लेक-जावई दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, सकाळी जाऊन दिवेलागणीला परतणारी. नात शाळेत. काकांना दिवसभरात एकच काम होतं, दार न उघडणं. लेकीने त्यांना बजावून ठेवलं होतं, "बाबा, कोणीही येऊ दे, दार उघडायचं नाही. इथलं तुम्हाला काही कळत नाही." ते काम काका इमाने इतबारे करत. एकदा गॅसवाला बेल वाजवून वाजवून परत गेला. एकदा मीच कोथिंबिरीच्या वड्या घेऊन गेलो, तर आतून आवाज आला, "साहेब, तुम्हीच आहात हे कशावरून?" वड्या मी घरी आणून खाल्ल्या.

बाकी वेळ ते गॅलरीत बसत. पेपर बंगाली, टीव्हीवरची भांडणं हिंदी, नातीचं मराठी अर्धं बंगालीत भिजलेलं. मी एकदा विचारलं, "दिवस कसा जातो काका?" ते म्हणाले, "जात नाही. ढकलतो." हे ते इतक्या साधेपणाने म्हणाले की त्यावर शंका घ्यायला मला जागाच सापडली नाही.

त्या वर्षी मुलं पळवणाऱ्या टोळीची आवई उठली. इकडे तिला छेलेधरा म्हणतात. सगळ्यांच्या फोनवर एकच मजकूर फिरत होता, की कोलकात्याच्या दुसऱ्या टोकाला, बजबजला, एका बाईने गाठोड्यात घालून मूल पळवलं. कोणाच्याही हातात मोठी पिशवी दिसली की माणसं वळून बघायला लागली. काकांनी तो मजकूर जावयाकडून ऐकला, तिथे मान हलवली आणि मला लिफ्टमध्ये गाठून खासगीत विचारलं, "साहेब, हे कशावरून?"

मी थट्टेने म्हटलं, "जाऊन बघा की बजबजला."

त्यांनी विचार केला. "तुम्ही येता?"

रविवारी आम्ही खरंच गेलो. आधी सियालदह, तिथून बजबजची लोकल. काका खिडकीशी बसून प्रत्येक गाठोड्याकडे आणि प्रत्येक गाठोडेवाला काकांकडे संशयाने बघत होता. बजबजला उतरलो आणि स्टेशनाबाहेरच्या चहाच्या दुकानात बसलो. माझं बंगाली कामापुरतं. मी चौकशी केली. दुकानदाराने आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "एखाने? ना, ना. आमरा तो शुनलाम डमडमे होयेछे." इथे कुठलं, आम्ही तर ऐकलं की ते डमडमला झालं.

काका चहा हातात तसाच धरून बसले. मग आम्ही बाजारात विचारलं, एका शाळेच्या शिपायाला विचारलं, जूट गिरणीच्या फाटकाशी बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारलं. कोणी डमडमचं नाव घेतलं, कोणी आणखी कुठलं. बजबजचं मूल हरवलेलं कोणालाच ठाऊक नव्हतं. परतीच्या गाडीत काका मधेच एकदा स्वतःशीच हसले. घराशी आल्यावर म्हणाले, "किती वर्षांनी साहेब, एखादी गोष्ट मी स्वतः बघून आलो."

पुढच्याच आठवड्यात सोसायटीची बैठक झाली. आम्ही भाडेकरू असल्यामुळे मला तिथे प्रवेश नव्हता. हकिकत काकांनीच सांगितली. सेक्रेटरींनी बजबजची गोष्ट सांगून ठराव मांडला, की फेरीवाल्यांना बंदी, आणि मागच्या फाटकाची कडी कोणीही काढायची नाही.

"मग तुम्ही सांगितलंत ना?"

"हात वर केला होता."

"मग?"

"अर्धा. जावई समोरच बसले होते. मग कान खाजवला."

मग त्यांनाच राहवलं नाही. म्हणाले, "साहेब, मला दुसरं घर नाही. ही पोरं उद्या म्हणाली की आता गावाकडे पुतण्याकडे राहा, तर तो पुतण्या मला पडवीत झोपवील. तोंड बंद ठेवलं की इथे नातीशेजारी झोपायला मिळतं." त्यांच्या भीतीचा सगळा हिशेब त्या तीन वाक्यांत आला. मी चेष्टा थांबवली.

त्यानंतर काही दिवसांनी, एका शनिवारी दुपारी, मागच्या गल्लीत हाक आली, "पुरोनो कापोड दिये बाशोन नेबे गो!" जुने कपडे द्या, भांडी घ्या. म्हणजे आपली बोहारीण. काकांची बायको म्हणे बोहारणीशी तासन् तास घासाघीस करायची आणि काका आतल्या खोलीतून ऐकत बसायचे. घरात कोणी नव्हतं. दार उघडायचं नाही हा नियम होता, पण दार ओढून घेऊन स्वतः खाली जाऊ नये असं कोणी म्हटलं नव्हतं. काका नातीचे आखूड झालेले फ्रॉक घेऊन खाली गेले, इकडे तिकडे बघितलं आणि मागच्या फाटकाची कडी काढली. बाईला आत घेतलं. खुणांनी आणि नातीकडून उचललेल्या बंगालीने घासाघीस केली आणि झाकणाचा एक स्टीलचा डबा मिळवून वर आले. डबा टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसले होते, असं ते नंतर म्हणाले.

तेवढ्यात खाली आरडाओरडा झाला.

मी बाजारातून येत होतो. पुढच्या फाटकाशी घोळका जमला होता. सोसायटीतला एक लहान मुलगा घरात सापडत नव्हता, आणि त्याच वेळी ही बाई गाठोडं घेऊन कोपऱ्यावर दिसली होती. तिला ओढत आत आणलं होतं. गाठोडं उलगडलेलं, भांडी फरशीवर पसरलेली, आणि कोणीतरी एक गुलाबी फ्रॉक झेंड्यासारखा वर धरून ओरडत होता, "बाच्चार जामा! बाच्चार जामा!" लहान मुलाचा कपडा सापडला, आता आणखी काय हवं होतं? बाईचा एक हात दोघांनी धरला होता. ती काही सांगत होती, पण ऐकायला कोणी मोकळं नव्हतं. कोणीतरी चप्पल काढली. मी मागे सरून पोलिसांना फोन लावला. फोन नुसता वाजत होता.

वर पाहिलं तर चौथ्या मजल्याच्या गॅलरीत काका उभे होते.

त्यांनी फ्रॉक ओळखला होता. त्यांना कडी काढताना कोणीही पाहिलेलं नव्हतं. गॅलरीतून आत जाऊन पडदा ओढला असता तरी कोणाला कधी कळलं नसतं. आणि घोळक्यात सेक्रेटरींच्या शेजारी, सुट्टीच्या दिवशी जिममधून परतलेले काकांचे जावई उभे होते. मी पुन्हा वर पाहिलं, तर गॅलरी रिकामी होती. खरं सांगतो, मला वाटलं, गेले आत.

ते जिन्याने आले. एका पायात चप्पल, हातात तो डबा. "अहो थांबा, थांबा," असं मराठीत ओरडतच ते गर्दीत शिरले. मग हिंदी आठवलं, मग बंगाली. "ए आमार नातनीर जामा! आमि दियेछि!" हा माझ्या नातीचा फ्रॉक, मी दिलाय. आणि पुरावा म्हणून डबा वर धरला.

सेक्रेटरी म्हणाले, "दादू, आपनि घोरे जान." आजोबा, तुम्ही घरी जा.

"फाटक आमि खुलेछि," काका म्हणाले. फाटक मी उघडलं.

जावयांचा चेहरा मला दिसत होता. काकांनी तिकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज जरा बसला. सेक्रेटरींनी तेवढ्यात तोंड घातलं, की ही छेलेधरा आहे, बजबजला यांनीच मूल पळवलं.

काकांनी मान तिरकी केली. डावा डोळा बारीक झाला. "की कोरे जानलेन?"

कशावरून, हेच ते. पण सेक्रेटरींना असं कोणी विचारलेलं मी प्रथमच पाहत होतो. ते गडबडले. म्हणाले, "सबाई जाने." सगळ्यांना माहीत आहे.

"सबाई माने के?" सगळे म्हणजे कोण? "आमि बजबज गियेछिलाम. ओखाने किछु होयनि." मी गेलो होतो बजबजला, तिथे काहीही झालेलं नाही.

मागून कोणीतरी त्यांना ढकललं. काका तोल जाऊन त्या बाईच्या गाठोड्यापाशी आले आणि सरळ गाठोड्यावर बसले. मांडीवर डबा, एक पाय अनवाणी. पांढऱ्या केसांचा एक म्हातारा जुन्या कपड्यांच्या ढिगावर बसून वरती बघतोय, त्याचं करायचं काय, हे कोणालाच सुचेना. चप्पल काढलेल्याने चप्पल खाली टाकून पायात घातली. दरम्यान दुसऱ्या इमारतीतून कोणीतरी हाका मारत आलं. हरवलेला मुलगा मित्राच्या घरी पलंगावर झोपला होता.

पोलीस आले ते मग. बाईला आणि काकांना दोघांनाही चौकीवर नेलं, मी सोबत गेलो आणि तासाभरात सगळे सुटलो. वाटेत मी म्हटलं, "काका, गाठोड्यावर बसलात हे फार हुशारीचं केलंत."

"हुशारी कसली साहेब. ढोपरं लटलटत होती. उभंच राहता येईना."

माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे.

घरी व्हायचं ते झालं. लेक रडली. "बाबा, तुम्हाला काही झालं असतं तर?" जावई चिडले, हेही समजण्यासारखं होतं, त्यांना रोज त्याच माणसांत वावरायचं होतं. सोसायटीचं पत्र आलं. जावयांनी मिरजेचं तिकीट काढलं आणि जेवताना सांगितलं, "बाबा, काही दिवस गावी जाऊन या. इथे आता तुम्हाला धोका आहे."

"कशावरून?" काकांनी विचारलं.

हे सांगताना काकांचे डोळे असे चमकत होते की मला वाटलं, यांनी नोकरीतल्या सगळ्या साहेबांना एकदम विचारून घेतलं. जावयांचा घास हातात राहिला. काका पुढे म्हणाले, "तिकीट तुम्ही काढलंत, मी नाही. मी इथेच राहणार. तुम्हाला अडचण होत असेल तर जवळपास खोली बघतो, पेन्शन आहे. पण पुतण्याच्या पडवीत काही जात नाही." खोली बघायची वेळ आली नाही. लेकच मधे पडली. तिकीट रद्द झालं.

आता तुम्ही म्हणाल, इथे गोष्ट संपली. मलाही तसंच वाटलं होतं. पण ती बाई पुन्हा आली नाही. काकांना ते लागून राहिलं. चौकीतून पत्ता घेऊन त्यांनी मला रेल्वेलाईनपलीकडच्या वस्तीत नेलं. आम्हाला बघताच तिने दार लावून घेतलं. काकांनी हाका मारल्या, आतून उत्तर नाही. मला राग आला. ज्याने जीव वाचवला त्याच्यासाठी दार उघडू नये? काका मात्र पायरीवर बसले आणि म्हणाले, "बरोबर आहे तिचं. मी तरी कुठे उघडत होतो."

ते पुन्हा गेले. मग मला न विचारता जात राहिले. एके दिवशी संध्याकाळी ऑफिसातून येताना पाहतो तो काय, गल्लीतून काका येताहेत, पांढरा लेंगा, पांढरी टोपी, आणि मागे डोक्यावर पाटी, काखेत गाठोडं घेतलेली ती बाई. तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. हाक काकाच देत होते, "पुरोनो कापोड! बाशोन नेबे गो!" उच्चार असे की गॅलरीगॅलरीतून लोक हसत होते.

आमच्या मराठी मंडळात कुजबुज सुरू झाली. या वयात हे काय आरंभलंय? बाई कोण, कुठली? काकांना यात मिळतं काय? खोटं कशाला बोलू, शेवटचा प्रश्न माझ्याही मनात होता. मी तो विचारला.

"लोक तिच्याआधी माझ्याकडे बघतात," काका म्हणाले. "माझं बंगाली ऐकून हसतात. हसलेला माणूस अंगावर धावून येत नाही. ती घाबरली आहे साहेब. भीतीत माणूस कसं जगतं ते मला सगळं ठाऊक आहे. साठ वर्षं मी दुसरं केलंय काय?"

"आणि सोसायटीने बंदी केली तर?"

"बाहेरच्या रस्त्यावर फिरू. रस्ता काय सेक्रेटरींचा आहे?"

मग ते रोजचं झालं. ऊन उतरलं की काका निघत. आज नागेरबाजार, उद्या लाईनपलीकडच्या गल्ल्या, परवा आणखी कुठे. वाटेत कोणी फोनवरचा मजकूर दाखवला की तिथेच उभे राहून उलटतपासणी घेत. कोणी पाहिलं? तुम्ही पाहिलंत? मग कोणाकडून ऐकलंत? पुष्कळ जण वैतागत, काही जण विचारात पडत. डमडममध्ये त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त लोक ओळखू लागले. "दिवस कसा जातो?" असं मी आता विचारत नव्हतो. ते भेटतच नव्हते.

हळूहळू ती बाईही हाक देऊ लागली. आधी काकांच्या आवाजाआड, मग त्यांच्यापेक्षा मोठ्याने. काका मागे वळून तिला म्हणत, "जरा हळू, मला बोलू दे." ती ऐकत नसे.

थंडीच्या दिवसांत ताप आला आणि काका गेले. फार दिवस पडून राहिले नाहीत. मला मनापासून वाईट वाटलं. बदलीच्या गावी माणूस सहसा कोणाला जवळ करत नाही, उद्या सामान बांधायचं असतं. मी मात्र फसलो होतो.

दिवसकार्य आटोपल्यावर काही दिवसांनी दुपारी गल्लीत हाक आली. मी गॅलरीत आलो. ती बाई रस्त्याच्या मधून एकटी चालत होती. तिच्या पुढे कोणी नव्हतं, आणि कोणी तिला अडवतही नव्हतं. पहारेकऱ्याने तिला पुढच्या फाटकातून आत घेतलं. आमच्या तळमजल्यावरच्या एका बाईंनी साड्या आणल्या. बोहारणीने एकेक साडी उजेडात धरून विरलेली जागा बोटाने दाखवली, जरीवर नख ओढून बघितलं, दोन परत केल्या. धंदा म्हणजे धंदा.

मग काकांची लेक खाली आली. तिच्या हातात काकांचे लेंगे, शर्ट, टोप्या असा सगळा ढीग होता. ती बोहारणीशेजारी फरशीवर बसली आणि म्हणाली, "देखे निन." बघून घ्या.

बोहारणीने ढीग तसाच उचलला, मांडीवर ठेवला, आणि एकही कपडा न उलगडता गाठोड्यात बांधला.